मागचा टायर मधोमध चपटा झाला होता

२०२१च्या जुलैत कोल्हापूरला महापूर आला. पाणी ओसरलं, रस्ते सुरू झाले आणि ऑगस्टमधल्या एका रविवारी मी माझी यामाहा आर१५ मोटरसायकल काढून गगनबावड्याला निघालो. दर पावसाळ्यात एकदा तरी जातोच. बालिंगा मागं टाकून कळ्याच्या अलीकडं एका वळणावर पुराचा गाळ अजून कडेला साठलेला होता, आणि रात्रीच्या पावसानं तो पातळ होऊन डांबरावर पसरला होता. स्पीड तीस-पस्तीसच्या वर नव्हता. मागचं चाक एकदम बाहेर निघालं आणि मी गाडीसकट डाव्या अंगावर आडवा.

गुडघा सोलला, क्लचचा लिव्हर मोडला, फेअरिंगला, म्हणजे बाहेरच्या प्लॅस्टिकच्या आवरणाला, लांब ओरखडा पडला. दुधाचे कॅन घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी गाडी उचलायला हात दिला. त्यांनी मागच्या टायरवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पोरा, ह्येला हाताला कायच लागंना झालंय की."

नवा टायर असता तरी त्या गाळावर घसरला असता, हे मला मान्य आहे. गाळापुढं रस्त्याच्या टायरचं फार काही चालत नाही. पण घरी येऊन गाडी स्टँडला लावली आणि पहिल्यांदाच टायर नीट, खाली बसून बघितला, तेव्हा मलाच धक्का बसला. कडेच्या नक्षीत अजून जीव होता, अगदी काठाला तर नव्या टायरवरचे रबराचे बारीक केससुद्धा शिल्लक होते. मधला चार बोटांचा पट्टा मात्र इस्त्री केल्यासारखा सपाट. खाचांच्या तळाशी रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात, बाजूला टीडब्ल्यूआय अशी खूण असते तिथं. झीज तिथपर्यंत पोचली की टायर संपला. माझ्या टायरवर त्या पट्ट्या मधल्या भागात कधीच नक्षीच्या बरोबरीला आल्या होत्या.

कारण सरळ आहे. माझी नोकरी कागलच्या एमआयडीसीत. रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, सगळा हायवे, सगळा सरळ. तेवीस हजार किलोमीटर झाले ते बहुतेक टायरच्या मधल्या पट्ट्यावरच. गोल टायर असा चपटा झाला की वळणात गाडी आधी अडायला लागते आणि सपाट भागाची कड ओलांडली की एकदम पडल्यासारखी झुकते. हे मला सहा महिने जाणवत होतं. मी समजत होतो माझाच आत्मविश्वास कमी झालाय.

पुढचा टायर नक्षीनं बरा होता, पण रबर इतकं कडक झालं होतं की त्यात नख रुतेना. खाचांच्या बुडाशी केसासारख्या चिरा दिसत होत्या. दोन्ही बदलायचे ठरले.

मित्रांना सांगितलं तर एकानं लगेच सल्ला दिला, "भावा, मागं १५०चा टाक, गाडी काय दिसंल!" मोह मलाही झाला. पण टायरवरचे आकडे काय सांगतात ते आधी समजून घ्यायचं ठरवलं, आणि हिशोब मांडल्यावर मोह आपोआप गेला.

माझ्या मागच्या टायरवर लिहिलेलं असतं: १४०/७० आर १७, ६६ एच. म्हणजे रुंदी १४० मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे ९८ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १७ इंचांची रिम, ६६ म्हणजे ३०० किलो वजन पेलण्याची क्षमता, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर वेगाची मर्यादा. आता १५०/६० घेतला तर बाजूची उंची ९० मिलिमीटर. वर-खाली मिळून चाकाचा व्यास १६ मिलिमीटरनं कमी. गाडी मागनं बसणार, पुढच्या आणि मागच्या उंचीचा कंपनीनं बसवलेला मेळ बिघडणार. त्यात रिम तीच राहणार. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, टायर जास्त गोलसर होतो आणि वळायला जड वाटतो. म्हणजे रुंदीचे पैसे देऊन रस्त्यावर टेकणारं रबर वाढेलच असं नाही. रुंद टायर उभ्या गाडीवर छान दिसतो, पण मला गाडी चालवायची होती.

साइज पक्का झाल्यावर खरा प्रश्न उरला तो रबराचा. कट्ट्यावर सगळ्यांची पसंती मऊ, स्पोर्ट टायरला. मेटझेलर, पिरेली ही नावं घेताना पोरांचे डोळे चमकतात, आणि ते टायर चांगलेच आहेत. पण मी माझा आठवडा डोळ्यांसमोर आणला. सहा दिवस कागलचा सरळ हायवे. मऊ रबर तिथं लवकर झिजणार आणि मधोमध परत चपटं होणार. सातवा दिवस घाटाचा, तोही निम्मं वर्ष ओला. ज्या टायरची पकड चांगली तापल्यावरच खुलते, तो गगनबावड्याच्या धुक्यात आणि पावसात तापणार कधी? मला थंड असतानाही धरणारा, पाणी बाहेर टाकणाऱ्या खोल खाचांचा आणि मधल्या भागात टिकणारा टायर हवा होता. इतकं स्वतःशी स्पष्ट झाल्यावर यादी झटकन लहान झाली: मिशेलिनचा पायलट स्ट्रीट रेडियल, अपोलोचा अल्फा एच१, सिएटचा झूम रॅड. एका मेकॅनिकनं मागं साधा, रेडियल नसलेला टायर टाकून दीड हजार वाचवायला सांगितलं. रेडियलमध्ये आतले धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे, सरळ जातात आणि वरून पट्टा असतो. साध्या टायरमध्ये धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदत जातात. त्यामुळं टायर दबण्याची आणि तापण्याची रीतच बदलते. या गाडीला कंपनीनंच पुढं साधा आणि मागं रेडियल दिलाय, तेव्हा तीच जोडी मी ठेवली.

मिशेलिनसाठी पहिल्या दुकानात गेलो. जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं टायरच्या आयातीला परवान्याची अट घातली, तेव्हापासून बाहेरून येणारा माल तुटक मिळत होता, म्हणून "आहे" म्हटल्यावर मला बरं वाटलं. टायर काळ्या पॉलिशनं चकचकीत पुसलेला. बाजूला लांबट चौकटीत टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात ते शोधले: १११८. म्हणजे २०१८चा अकरावा आठवडा. साडेतीन वर्षं जुना. मी दाखवलं तर मालक म्हणाले, "टायर काय दूध हाय का नासायला, साहेब?"

मला याचं वाईट वाटलं. नासत नाही, पण रबर कडक होत जातं, आणि कडक रबराचं काय होतं ते मी माझ्या पुढच्या टायरवर बघितलं होतं. नीट सावलीत ठेवलेला टायर वर्षभर जुना असला तर मी घेईन. दुकानाच्या दारात उन्हात टांगलेला साडेतीन वर्षांचा, तोही पूर्ण किमतीला, नाही. पॉलिश बघू नका, ते चार आकडे बघा. बारकोडाचा स्टिकर कधी कधी त्याच्यावरच चिकटलेला असतो, तो काढायला लावा.

शेवटी शाहूपुरीतल्या एका छोट्या दुकानात अल्फा एच१ मिळाला. आकडा २४२१, म्हणजे दोन महिन्यांपूर्वीचा. पुढं १००/८०-१७, ५२ पी, एमआरएफचा झॅपर. दोन्ही मिळून बसवण्यासकट साडेसात हजारांच्या आत काम झालं. पक्कं बिल घेतलं, त्यावर टायरचे सीरियल नंबर लिहून घेतले.

दुकानाच्या काकांनी बसवताना मला शेजारी उभं राहू दिलं, आणि तो अर्धा तास मला फार आवडला. जुना टायर मशीनवर उतरवला. टॉमीनं, म्हणजे लोखंडी पट्टीनं, उचकटला की अलॉयच्या रिमच्या काठाला ओरखडे पडतात आणि ट्यूबलेसमधली हवा तिथूनच झिरपते. मग रिमचा काठ पुसून घेतला, जुना व्हॉल्व कापून नवा घातला. टायरवर बाणाची खूण असते, चाक फिरण्याच्या दिशेची. काकांनी बाणावर बोट ठेवून मला दाखवलं, मग पिवळा ठिपका व्हॉल्वच्या समोर आणला. हा ठिपका टायरची हलकी बाजू सांगतो. काठाला साबणाचं पाणी लावलं, हवा सोडली. एकदा फट्, परत फट्, आणि टायर दोन्ही बाजूंनी रिमवर बसला. तरी काका चाक हळूहळू फिरवत रिमजवळची बारीक रेघ सगळीकडं सारखी दिसते का ते बघत होते. बॅलन्सिंगला दोन छोटी वजनं लागली. चाक गाडीला चढवल्यावर मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या करून चेन ताणली. मी किक-स्टँड काढला तेव्हा म्हणाले, "थांब. आधी मागचा ब्रेक चार वेळा दाब." पहिल्यांदा दाबला तेव्हा पॅडल खालीच गेलं. चाक काढताना ब्रेकचे पॅड मागं सरकलेले होते. तसाच निघालो असतो तर पहिल्या चौकात ब्रेकच लागला नसता.

नव्या टायरवर मेणचट थर असतो, त्यामुळं पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर मी जपून चालवली. जोरात ब्रेक नाही, झुकवणं नाही, पावसात तर नाहीच. हवेचा गेज स्वतःचा घेतला. दर रविवारी सकाळी, गाडी बाहेर काढायच्या आधी, टायर थंड असताना मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याप्रमाणं हवा बघतो. पंपावरचा पोरगा विचारल्याशिवाय चाळीस भरतो, आणि जास्त हवेनं टायर परत मधोमधच झिजतो.

दिवाळीच्या आठवड्यात पुन्हा गगनबावड्याला गेलो. घाटमाथ्याच्या वळणांवर गाडी एका लयीत झुकत होती, ती मधली अडखळ पूर्ण गेली होती. येताना कळ्याजवळ थांबून टायर बघितला: केस काठापासून दोन बोटांवर अजून तसेच होते. त्या वळणावर आता उसाचे ट्रॅक्टर सुरू झालेत. पाचट आणि ओली माती रस्त्यावर येते. टायर नवा असला तरी तिथं मी वीसवर येतो.