फळ्यावरचे दोन स्तंभ

कॉलेज सुटून सतरा वर्षं झाली होती. घर झोपल्यावर मोबाईल पुस्तकाला टेकवून ठेवला, वही उघडली. पडद्यावर अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचे गणिताचे प्राध्यापक गिल्बर्ट स्ट्रँग, हातात खडू. फळ्यावर दोनच समीकरणं: २क्ष − य = ० आणि −क्ष + २य = ३.

हे तर शाळेतलं. क्ष १, य २. पण स्ट्रँग सरांनी तीच समीकरणं उभी वाचायला लावली: (२, −१) हा एक स्तंभ, (−१, २) हा दुसरा. पहिला एकदा घ्या, दुसरा दोनदा, बेरीज (०, ३). मी व्हिडिओ थांबवला आणि वहीत बाण काढले. टोकाला टोक जोडत गेले तर खरंच (०, ३) वर पोचले! कॉलेजात मॅट्रिक्सचे, म्हणजे अशा स्तंभांत मांडलेल्या आकड्यांच्या चौकटींचे, गुणाकार नुसते घोकले होते. ते नेमकं काय करतात हे त्या रात्री कळलं. डोळ्यांत पाणी आलं.

ही व्याख्यानं १९९९ सालची. आपले अभ्यासक्रम सगळ्यांना फुकट खुले करायचं एमआयटीने २००१ मध्ये जाहीर केलं. प्रवेश परीक्षा नाही, फी नाही. पण मला व्हिडिओपेक्षाही मोलाची वाटली ती सोबतची गणितं, जुन्या परीक्षा आणि त्यांची उत्तरं. नुसतं ऐकलं की समजल्यासारखं वाटतं. खरं काय ते गणित सोडवताना कळतं.

असे कोर्स पूर्ण कोण करतं, असं लोक विचारतात. २०१२ मध्ये एमआयटीच्या इलेक्ट्रॉनिक सर्किट्सच्या ऑनलाइन कोर्सला सुमारे १,५५,००० जणांनी नाव नोंदवलं आणि ७,१५७ जण उत्तीर्ण झाले. टक्केवारी काढून नाक मुरडणाऱ्यांचा मला राग येतो. सात हजार माणसं कुठल्या वर्गात मावली असती?

संशोधनाचं दार तर त्याही आधी किलकिलं झालं होतं. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या 'आर्काइव्ह' या वेबसाइटवर भौतिकशास्त्राचे, गणिताचे शोधनिबंध आजही कुणीही उघडून वाचू शकतं.

एक गोष्ट मात्र अजून मिळत नाही: आपली वही बघणारं माणूस. उत्तर चुकलं हे कळतं, कुठे चुकलं ते कळत नाही. म्हणून आम्ही तिघी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर एकमेकींच्या वह्या तपासतो. गेल्या रविवारी माझं एक गणित तीन दिवस अडलेलं होतं. वही कॅमेऱ्यासमोर धरली, तर दुसऱ्या ओळीत उणे चिन्ह सुटलेलं दोघींपैकी एकीला लगेच दिसलं.