किन्नौर: डोक्याला टोपी, कमरेला गाछी

हिमाचलातल्या किन्नौर जिल्ह्यात, कामरूच्या किल्ल्याच्या दारात आमचं घोडं अडलं. सांगला गावापासून दोनेक किलोमीटर चढ, शेवटी नुसत्या पायऱ्या. आई दर वीस पायऱ्यांवर बसत होती आणि "अजून किती?" विचारत होती. वर पोचलो तर दरवाजावरच्या काकांनी हातात हिरव्या पट्टीच्या टोप्या आणि लोकरीचे लांब पट्टे ठेवले. "टोपी पहनो जी, गाछी बांधो, फिर अंदर." गाछी म्हणजे कमरेला गुंडाळायचा पट्टा. हा नियम बायका-पुरुष सगळ्यांना. माझा चामड्याचा कमरपट्टा तिथेच काढायला लावला आणि त्या जागी गाछी आली. पँट धरून ठेवायला तरी ती उपयोगी पडली.

आत लाकूड-दगडाचा पाच मजली बुरूज आहे. बुशहर संस्थानाची ही मूळ राजधानी आणि आत कामाख्या देवी. बुरुजात शिरता येत नाही, अंगणातूनच बघायचं. भिंत जवळून पाहा: देवदाराची तुळई, तिच्यावर दगडांचा थर, पुन्हा तुळई, आणि मध्ये चुना-सिमेंट काही नाही. या बांधणीला काठकुणी म्हणतात. किन्नौरात बरीच जुनी देवळं आणि कोठारं अशीच, वर दगडी पाट्यांचं छप्पर.

आम्ही गेलो ऐन पितृपक्षात. कारण अजिबात धार्मिक नव्हतं. आपल्याकडे या पंधरवड्यात कोणी फिरायला निघत नाही, त्यामुळे तिकिटं मिळतात, एवढंच. पण तिथं जाऊन कळलं की आपण वेगळ्याच अर्थाने योग्य वेळी आलोय. भाद्रपदाच्या सुमारास किन्नौरात फुलैच होतो, काही गावांत त्यालाच उख्यांग म्हणतात. गावातली माणसं वरच्या कुरणांवर, म्हणजे कंड्यावर चढून फुलं आणतात, ब्रह्मकमळंसुद्धा. ती आधी देवतेला वाहतात, मग सगळ्यांच्या टोप्यांत खोचली जातात. ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल, ते घर त्याच्या नावाने खाऊपिऊ घालतं. इकडे आपण पान वाढून कावळ्याची वाट बघतो, तिकडे गेलेल्यासाठी फुलं घेऊन डोंगर उतरतात आणि नाचतात. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे बरंय की."

सतलजच्या वरच्या अंगाला एका गावात आम्हाला हे बघायला मिळालं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथे अजून पर्यटकांच्या गाड्या जात नाहीत ते बरं आहे. तारखा गावागणिक वेगळ्या असतात, म्हणून मुंबईतून ठरवून जाऊ नका. रिकाँग पिओत, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी, उतरलात की दुकानदाराला, बसच्या कंडक्टरला विचारा.

देवता अंगणात आली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण मी गुहागरकडचा. खांद्यावर दोन लांब लवचिक दांडे, मध्ये रेशमी कापडांत गुंडाळलेला रथ, त्यावर धातूचे मुखवटे आणि माथ्यावर याकच्या केसांचा झुबका. आमच्या कोकणात शिमग्यात पालखीला देवाची रूपं, म्हणजे मुखवटे, लावतात आणि खांद्यावर नाचवतात, अगदी तसंच. दांडे लवतात, रथ उसळतो, आणि माणसं देवतेला नाचवतायत की देवता माणसांना, हे कळेनासं होतं. मग प्रश्न सुरू झाले. रथ पुढे झुकला की होकार, मागे सरला की नकार, असं शेजारच्या बाऊजींनी सांगितलं. देवता ज्याच्या तोंडून बोलते तो ग्रोक्च. बोलून झाल्यावर तो इतका दमला होता की दोघांनी धरून बसवला. आपल्याकडे कौल लावतात, गाऱ्हाणं घालतात. इथं देव स्वतःच उत्तर द्यायला अंगणात येतो.

म्हणून पहिली सूचना: किन्नौरात देवता म्हणजे देवळातली मूर्ती नव्हे, ती गावातली सगळ्यात मोठी व्यक्ती आहे. मेळा कधी भरवायचा, कोणत्या गावच्या देवतेला भेटायला जायचं, हे तिला विचारून ठरतं. तिच्या रथाला हात लावायचा नाही. मी लावला नव्हता, पण फोटोसाठी नको तितका जवळ गेलो आणि एका आजीने दंडाला धरून मागे ओढलं. बोलली काहीच नाही. नंतर तिनेच माझ्या टोपीत फूल खोचलं, म्हणजे माफ केलं असावं.

रात्री कायंग झाला, म्हणजे इथला सामूहिक नाच. वाजवणारे मध्ये, भोवती बायका-पुरुषांची अर्धवर्तुळाकार साखळी. यात शेजारच्याचा हात धरायचा नसतो, त्याच्या पलीकडच्याचा धरायचा. मला हे समजेपर्यंत दोन फेऱ्या झाल्या. पावलं अगदी सावकाश असतात, साठीच्या बायका तासभर सहज नाचतात. त्यांचा दोहडू नीट बघा. लोकरीचं लांब वस्त्र, नऊवारीसारख्या भरपूर निऱ्या, पण त्या पाठीमागे, आणि खांद्याशी चांदीचा मोठा चाप, त्याला डिगरा म्हणतात. टोपीवर पांढऱ्या पाकळ्यांसारखं जे असतं ते फूल नव्हे, टेटूच्या झाडाच्या कागदासारख्या बिया आहेत. दशमुळांतला टेटू तोच.

आता एक नाजूक विषय. आमच्या गाडीत एक पुण्याचे गृहस्थ होते. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी घरमालकिणीला विचारलं, "इथं सगळ्या भावांची एकच बायको असते ना?" ती चहा ओतत होती, ओतत राहिली, मग म्हणाली, "भाईजी, सेब खाओगे?" बहुपतित्वाची चाल इथं होती हे खरं. तोकडी जमीन भावांत तुटू नये हे त्यामागचं मोठं कारण, आणि लोक ती पांडवांशी जोडतात. आता ती जवळजवळ संपलीय. आपण काय, वाचून जावं आणि तिथे तोंड मिटावं.

खाण्याचं: ओगला म्हणजे आपला उपासाचा कुट्टू. त्याच्या पिठाचे पातळ धिरड्यासारखे चिल्टे करतात. सप्टेंबरात छितकुलकडे जाताना त्याची गुलाबी शेतं दिसतात. चिलगोजा म्हणजे इथल्या पाइनच्या झाडाचं बी, भाजून दातांनी फोडून खायचा; काजूपेक्षा कितीतरी महाग, म्हणून पाव किलोच घ्या. रिब्बा गावची अंगुरी, म्हणजे द्राक्षाची दारू, कोणी घरी पुढे केली तर नको म्हणताना दोन्ही हात जोडा, नुसती मान हलवू नका. सफरचंदाच्या फांद्या रस्त्यावर आलेल्या असतात. तोडू नका. मागितलं तर पिशवी भरून देतात.

रस्त्याचं: शिमल्याहून रिकाँग पिओ साधारण सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, पण दिवस जातो. मधे सराहनला मुक्काम करा. भीमाकाली मंदिरातही टोपी घालावी लागते, चामडं आणि कॅमेरा बाहेर ठेवावा लागतो. सांगला-छितकुलसाठी करछमला वळायचं. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. ऑगस्ट २०२१ मध्ये निगुलसरीला दरड कोसळून बस गाडली गेली होती, तो डोंगर अजून तसाच उघडा आहे. आम्हीही येताना चार तास दगड उपसायची वाट बघत बसलो, तेही कोरड्या दिवशी. परतीचं विमान दुसऱ्याच दिवशीचं काढू नका. आम्ही काढलं होतं आणि नंतर दुप्पट पैसे मोजले.

छितकुल साडेतीन हजार मीटरच्या आसपास आहे. आईचं डोकं तिथे धरलं, म्हणून आधी कल्प्याला दोन रात्री काढा. तिथून किन्नर कैलास खिडकीतूनच दिसतो, आणि वर लोचावा लाखांग हा जुना गोंपा, म्हणजे बौद्ध मठही आहे. एकाच गावात नारायण-नागिणीचं देऊळ आणि बुद्ध, आणि कोणालाच त्यात काही विशेष वाटत नाही. रोकड पिओ किंवा सांगल्यातच काढून ठेवा. भारतीयांना परवाना लागत नाही, पण आधारकार्ड जवळ असू द्या.

टोपी पिओच्या बाजारात घ्या, शिमल्याच्या मॉल रोडवर नको. नोव्हेंबरात गेलात तर रामपूरला ११ ते १४ लवी मेळा असतो, लोकर आणि सुकामेवा तिथे बरा मिळतो. मी घेतलेली टोपी आता बाबा सकाळी फिरायला जाताना घालतात. गाछी मात्र आईने कपाटात घडी करून ठेवलीय, शिमग्याला पालखी घरी येईल तेव्हा बांधणार म्हणते.