मतदान गुप्त असतं, आई

२०२५ च्या फेब्रुवारीत माझी नववीतली मुलगी मत देऊन घरी आली. तिचं वय मतदानाचं नाही आणि पासपोर्टही आपलाच, निळा. पण जर्मनीत संसदेच्या निवडणुकीआधी हजारो शाळांमधून मुलांची निवडणूक घेतात. तिला युनिओरवाल म्हणतात, १९९९ पासून चालू आहे. पक्ष खरे, मतपत्रिका खऱ्यासारखी, आडोसा, पेटी, मतदार यादी, सगळं साग्रसंगीत. मोजणी मुलंच करतात. निकाल मात्र खऱ्या मतदानाच्या दिवशी संध्याकाळी ६ नंतरच बाहेर येतो.

पोह्यांची बशी तिच्यापुढे ठेवत मी सहज विचारलं, "काय गं, कुणाला दिलंस?"

"मतदान गुप्त असतं, आई."

आणि लिंबू पिळून खायला लागली. मी हसले, पुन्हा विचारलं, थोडी लाडीगोडी लावून पाहिली. नाहीच. रात्री नवऱ्याला म्हटलं, तू विचारून बघ, तर तो म्हणाला, "तिचं बरोबर आहे." घरात मी एकटी पडले.

आता मी लालबागची. आमच्याकडे गुप्त मतदान म्हणजे केंद्रावरच्या पुठ्ठ्याच्या आडोशापुरतं. बाहेर आलं की कोण कुणाचा हे अख्ख्या मजल्याला ठाऊक. आजोबा गिरणीत साचेखात्यात, लाल बावट्याचे. शेजारच्या खोलीत त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, राष्ट्रीय मिल मजदूर संघाचे, म्हणजे काँग्रेसवाले. मोठे काका शिवसेनेच्या शाखेत. बाबा या सगळ्यांना आलटूनपालटून शिव्या घालायचे आणि शेवटी मत कुणाला देऊन आले तेही जेवताना सांगायचे. नवाकाळ आणि लोकसत्ता दोन्ही खोल्यांतून फिरायचे. अग्रलेखावरून जे सुरू व्हायचं ते नळाला पाणी येईपर्यंत.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी पाळण्यात होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरण्यांमध्ये मान्यता एकाच युनियनला होती आणि ती धाकट्या आजोबांची. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत, त्यांचा रोख नेमका त्या मान्यतेवर. म्हणजे भांडण मालकाशी होतं तितकंच शेजारच्या खोलीशी. आजोबा संपात, धाकटे आजोबा म्हणत, हे टिकायचं नाही, कामावर चला. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि त्या दोघांचा वादही. पण दोघांच्या घरची पिंपं एकीच्याच हाताने भरली जायची, माझ्या आजीच्या, कारण धाकट्या आजीची कंबर गेलेली.

हे सगळं मी इतकं रंगवून सांगते की नवरा वैतागतो. तो पुण्याचा. म्हणतो, "तुझ्या लालबाग-परळात १९७० साली कृष्णा देसाईंचा खून झाला, आमदार होते ते. संपात कामावर जाणाऱ्याला मार पडायचा. आणि तू मला मोकळ्या चर्चेचं कौतुक सांगतेस?" खरं आहे. मी त्याला एवढंच म्हटलं की पुण्याने आगरकरांची त्यांच्या हयातीत प्रेतयात्रा काढली होती. विषय संपला.

इथे फ्रँकफुर्टमध्ये कुणी कुणाला विचारतच नाही. वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या बाईचा पगार माहीत नाही, पक्ष माहीत नाही, देव मानते की नाही तेही नाही. गंमत म्हणजे सरकारला मात्र सगळं लागतं. शहरात राहायला आलात की पत्ता नोंदवायचा, आणि त्या फॉर्मवर धर्माचा रकाना. चर्चचे सभासद असाल तर तुमच्या आयकराच्या ९ टक्के (बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेंबेर्गमध्ये ८) चर्चकर पगारातून परस्पर कापला जातो, म्हणून. तेव्हा मी चर्चची की नाही हे करखात्याला माहीत आणि टेबलशेजारणीला विचारायची चोरी. मुंबईत आडनाव सांगितलं की समोरचा मनातल्या मनात जात, गाव आणि पक्ष तिन्ही लिहून मोकळा होतो. कुठलं बरं, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला तरी पहिल्या वर्षी इथे फार हलकं वाटलं होतं, हे कबूल.

पण मला सांगायचंय ते शाळेबद्दल. श्टुटगार्टजवळ बॉयटेल्सबाख नावाचं गाव आहे. सत्तरीच्या दशकात जर्मनीत शाळेत राजकारण कसं शिकवायचं यावरून डावे आणि उजवे एकमेकांच्या उरावर बसले होते. १९७६ मध्ये दोन्हीकडची जाणती माणसं या गावात जमली, आणि त्या चर्चेतून तीन गोष्टी वर आल्या. शिक्षकाने आपलं मत मुलांवर लादून त्यांना चीत करायचं नाही. जे बाहेर समाजात वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं. आणि यात आपलं हित कशात आहे हे मुलाला स्वतःला तपासता आलं पाहिजे. कायदा नाही, सरकारी ठराव नाही, कुणी मतदान घेऊन तो मंजूरही केला नाही. एकाने नंतर टिपण करून ठेवलं. आणि देशभरचे शिक्षक अजून त्याला धरून आहेत!

पालकसभेला मी मुलीच्या बाईंना विचारलंच. वर्गात तेव्हा सक्तीच्या लष्करी सेवेवर चर्चा चालू होती. २०११ मध्ये इथे ती थांबवली, आता परत आणावी का यावर देशभर रान उठलंय. बाईंनी माझ्या मुलीला सक्तीच्या बाजूने बोलायला लावलं होतं, कारण ती विरुद्ध आहे म्हणून. मी म्हटलं, "तुमचं स्वतःचं मत काय?" त्या म्हणाल्या, मत आहे, मुलांनी फारच विचारलं तर तास संपताना सांगते, आणि सांगताना हे एक मत आहे असंही सांगते. मला त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही. मी काही त्यांची विद्यार्थिनी नव्हते, तरी.

हेवा वाटला. खरंच वाटला. आमच्या इतिहासाच्या सरांना कोण आवडतं आणि कोण नाही हे पहिल्या तासाला कळायचं, आणि वार्षिक परीक्षेत त्याप्रमाणे उत्तर लिहिलं की गुणही बरे पडायचे. पण घरी येता येता ट्राममध्ये हेव्याची जागा रागाने घेतली. आपल्याकडे हे नव्हतंच असं थोडंच आहे? आमच्या शाळेत वादविवाद स्पर्धा होत्या, चिठ्ठी उचलून बाजू मिळायची. अनुकूल निघाली तर अनुकूल, प्रतिकूल तर प्रतिकूल. मीही न पटणाऱ्या बाजूने घसा फोडलाय आणि टाळ्या घेतल्यात. फक्त आम्ही ढाल जिंकायला बोलायचो आणि खाली उतरलो की आपापल्या जागी परत.

इथे निवडणुकीआधी वाल-ओ-माट नावाचं एक संकेतस्थळ उघडतं. सरकारी संस्थेचं, २००२ पासून. ३८ विधानं असतात. सहमत, असहमत, तटस्थ, दाबत जायचं. शेवटी कुठल्या पक्षाशी तुमचं किती टक्के जुळतं ते दिसतं. मला मत नाही तरी मी बसून सगळं केलं. निकाल सांगत नाही. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, दुसरं काय.

मग २३ फेब्रुवारीचा निकाल लागला. मतदान ८२.५ टक्के. आणि बाहेरच्या लोकांना इथून परत पाठवा म्हणणाऱ्या पक्षाला २०.८ टक्के, दुसरा क्रमांक. सोमवारी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी सगळे नेहमीसारखे. हवा, ट्रेन उशिरा, कुणाच्या मुलाला कांजिण्या. मी कप हातात घेऊन माणसं मोजत होते. दर पाचात एक. फ्रँकफुर्ट शहरात प्रमाण पुष्कळ कमी आहे, मला माहीत आहे, २०२४ च्या जानेवारीत याच शहरातल्या रोमरबेर्ग चौकात या पक्षाविरुद्ध हजारो माणसं जमली होती तेही मी पाहिलंय. पण माझे अर्धे सहकारी आसपासच्या गावांतून येतात, आणि यातला कोण काय करून आला ते मला कधीच कळणार नाही. दार उघडून धरतात, वाढदिवसाला केक आणतात. आमच्या मजल्यावरचा एक गृहस्थ मद्रासी लोकांबद्दल काय वाटतं ते जिन्यात उभा राहून ओरडायचा. ऐकायला घाण वाटायचं. पण तो कोण हे समोरच्या अण्णाला पक्कं माहीत होतं, आणि अण्णाही त्याला त्याच जिन्यात उत्तर द्यायचा. या सभ्यतेत मी उत्तर कुणाला देऊ?

हे डोक्यात घेऊन नाताळच्या सुट्टीत मुंबईला आले. महापालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ ला, २०१७ नंतरची पहिली. म्हटलं आता कान तृप्त होतील.

कसलं काय. चाळ पाडून टॉवर झालाय, काकांचं घर एकविसाव्या मजल्यावर, खालच्या प्रचाराच्या रिक्षाचा आवाजही नीट पोचत नाही. आणि घरात बंदी. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, मग २०२३ च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना दिला, आणि त्या दोन तारखांच्या मध्ये कधीतरी आमचंही घर फुटलं. काकांचा थोरला मशालीकडे, धाकटा धनुष्यबाणाकडे. घरच्या ग्रुपवर दोघांनी रात्रभर एकमेकांना जे लिहिलं ते वाचून आत्याने नियम केला, ग्रुपवर वाढदिवस, आजारपण आणि गावच्या बाप्पाचे फोटो, बस्स. आणि काका, ज्यांनी उभा जन्म शाखेत काढला, ज्यांचं मत लालबागच्या मांजरालाही माहीत असायचं, ते आता कुणाकडे हे सांगत नाहीत. विचारलं तर चष्मा पुसतात.

जेवायला बोंबील होते. माझी मुलगी निरागसपणे म्हणाली, "मामा, महापालिका नेमकं काय करते?" आत्याने डोळे मोठे केले, पण प्रश्न पाहुण्या पोरीचा. मग दोघं भाऊ सांगायला लागले. २२७ नगरसेवक, तलावांतून येणारं पाणी, केईएम, शीव, नायर. बेस्टचं तिकीट २०२५ च्या मे महिन्यात ५ चं १० झालं यावर दोघं एका सुरात चिडले, मला बरं वाटलं. तेवढ्यात धाकटा म्हणाला, "पण पंचवीस वर्षं महापालिका कुणाकडे होती?" आणि थोरला म्हणाला, "आणि २०२२ पासून प्रशासक कारभार बघतोय, तो कुणाच्या सरकारखाली?"

झालं. पाच मिनिटांत आवाज इतका चढला की कुत्रं पलंगाखाली गेलं. मी मध्ये पडले, म्हटलं, दोघांचेही प्रश्न बरोबर आहेत, एकाने तरी दुसऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर द्या ना. त्यावर दोघंही माझ्याकडे वळले. धाकटा म्हणाला, "तू गप. तू इथे राहत नाहीस, टॅक्स भरत नाहीस, मत देत नाहीस." थोरल्याने मान डोलावली. इतक्या वर्षांत त्यांचं माझ्यावरच एकमत झालं.

बोचलं. बाबांच्या फ्लॅटचा मेंटेनन्स मी भरते, औषधं मी भरते. अनिवासी म्हणून विधानसभेच्या यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर उभं राहावं लागतं, टपालाने नाही. शाळा सुरू व्हायच्या आत आम्हाला परतायचं होतं. तिकडे जर्मनीत नागरिकत्वाशिवाय मत नाही, आणि जर्मनीला आता दोन पासपोर्ट चालत असले तरी भारताला चालत नाहीत. निळा पासपोर्ट मी हट्टाने ठेवलाय. त्याची किंमत ही, की दोन्हीकडे मी बिनमताची. हे सगळं मी त्यांना ऐकवलं, बऱ्याच मोठ्या आवाजात. थोरला अर्धा बोंबील टाकून उठला. आत्याने तिथल्या तिथे नियम वाढवला, आता ताटावरही नाही.

रात्री मुलगी म्हणाली, "पण आई, कुणी कुणाचं ऐकतच नव्हतं." मी जरा ताडकन बोलले. म्हटलं, तुझ्या वर्गात घंटा झाली की सगळे आपापल्या घरी जातात. या दोघांना एकाच वन-बीएचकेत एकाच बापाचं करायचंय. तिने यावर मत दिलं नाही.

१५ मार्च २०२६ ही आमच्या हेसन राज्यातल्या स्थानिक निवडणुकांची तारीख. युरोपीय संघाबाहेरच्या आमच्यासारख्यांना त्यातही मत नाही, मात्र त्याच दिवशी परदेशी रहिवाशांची एक समिती निवडली जाते, तिला देता येतं. त्या समितीला नुसता सल्ला द्यायचा अधिकार आहे. हे थोरल्याला कळवलं तर त्याचं उत्तर आलं, "म्हणजे तुझ्यासारखीच."

तो बोलायला लागलाय, धाकटाही. ग्रुपवर नव्हे, दोघं वेगवेगळे, मला एकटीला फॉरवर्ड पाठवतात, दुसऱ्याला दाखवू नकोस अशा तळटीपेसह. बिनमताची म्हणून मी दोघांना चालते बहुतेक. मी प्रत्येकाला विचारते, हे कुठून आलं, आणि थोडा वेळ शांतता पसरते. काल थोरल्याने त्यांच्या टॉवरमागच्या उरलेल्या चाळींना पाणी किती वेळ येतं त्याचा व्हिडिओ पाठवलाय. त्यात पक्षाचं नाव कुठेच नाही, आणि तो खरा दिसतोय. धाकट्याला विचारून बघते.