सीजीपीएचा हिशोब आणि माझे गायब झालेले पंधरा पॉइंट

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या सेमचा रिझल्ट रात्री पावणेबाराला लागला. पोर्टल नेहमीप्रमाणे झोपलेलं, पंधरा-वीस वेळा रिफ्रेश मारल्यावर एकदाचं उघडलं तर नुसते विषय आणि समोर ग्रेड, खाली एसजीपीएची, म्हणजे त्या एका सेमच्या सरासरीची, जागा रिकामी. आता सकाळपर्यंत कोण थांबणार, मी आपली मोबाईलवर कॅल्क्युलेटर काढून बसले. आठ विषय, आठ ग्रेड, प्रत्येकाचे पॉइंट धरले, बेरीज ५९, भागिले आठ, ७.३८. लगेच घरी फोन. पप्पा एसटीत कंडक्टर आहेत, त्यांची पहाटेची ड्युटी होती तरी उठून बसले आणि म्हणाले, "सात पूर्णांक अडतीस म्हणजे चांगलंच की गं." सकाळी डेपोत चार जणांना सांगून झालं असणार याची मला खात्री होती.

दुपारी ग्रेड कार्डाची पीडीएफ आली. एसजीपीए ६.६५.

मला वाटलं यांचंच चुकलंय. रूममेटला दाखवलं, ती माझ्या एक वर्ष पुढे, तिने कार्डावर एक नजर टाकली आणि विचारलं, "क्रेडिट धरलेस का?" नव्हते धरले. दीड वर्ष कॉलेजात काढून मला हे माहीत नव्हतं, आणि खरं सांगते, वर्गात विचारलं तर निम्म्या पोरांना नव्हतं माहीत.

तर प्रकार असा, की सगळे विषय सारख्या वजनाचे नसतात. थिअरीला आठवड्याला एक तास असेल तर साधारण एक क्रेडिट, प्रॅक्टिकलला दोन तासांना एक. माझा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, चार क्रेडिटचा, त्यात मला पी म्हणजे फक्त काठावर पास, चार पॉइंट. आणि ज्या दोन लॅबमध्ये मी ओ आणि ए प्लस मिळवून मिरवत होते त्या एकेक क्रेडिटच्या. ग्रेडचे पॉइंट यूजीसीचेच आहेत, ओ ला १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ ला शून्य. किती मार्कांना कुठला ग्रेड हे मात्र ज्या त्या विद्यापीठाचं वेगळं, त्यामुळे दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचा तक्ता वापरू नका, मी वापरला होता.

रूममेटने माझ्याच वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. एम-थ्री ४ क्रेडिट गुणिले ४ पॉइंट, १६. डेटा स्ट्रक्चर्स ३ गुणिले ७, २१. डिजिटल ३ गुणिले ६, १८. डिस्क्रीट ३ गुणिले ५, १५. ऊप्स (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग) ३ गुणिले ८, २४. मग डेटा स्ट्रक्चर्सची लॅब २ क्रेडिटची, त्यात ओ, २०. डिजिटलची लॅब ९, ऊप्सची लॅब १०. सगळे मिळून १३३. क्रेडिट एकूण २०. १३३ भागिले २०, ६.६५. कार्डावर होतं तेच.

ते पान मी अजून जपून ठेवलंय. त्यात मला सगळ्यात जास्त टोचलं ते डिजिटल, कारण तिथे मला ५९ होते आणि आमच्याकडे ६० ला बी प्लस सुरू होतो. एका मार्कासाठी ३ पॉइंट गेले, नाहीतर ६.८० झाले असते. उलट ज्या लॅबच्या फाईलसाठी मी रात्र रात्र जागून मार्जिन आखत बसले होते, तिथे एक ग्रेड खाली आला असता तरी फक्त एकच पॉइंट कमी झाला असता. असो.

पप्पांना फोन करून सांगितलं की सात नाही, साडेसहाच्या वर आहे. ते काही बोलले नाहीत, नंतर म्हणाले, "पैसे भरायच्या आधी वेबिल जुळवायचं असतं." त्यांचं सगळं जग तिकिटं, कॅश आणि वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, यावर चालतं.

त्या रविवारी गुगल शीट बनवली. कॉलम साधेच, सेम, विषय, क्रेडिट, ग्रेड, पॉइंट आणि गुणाकार. ग्रेड टाकला की पॉइंट आपोआप यावेत म्हणून बाजूला तक्ता ठेवून व्हीलूकअप लावलं, आणि इथे माझा एक तास असा गेला की विचारू नका. ऊप्सच्या लॅबसमोर सारखा एरर यायचा. फॉर्म्युला बघितला, तक्ता बघितला, सगळं बरोबर. शेवटी कळलं की मी ओ ग्रेडच्या जागी शून्य टाइप केलंय! दिसायला सेम टू सेम. तेव्हापासून ग्रेड टाइप करत नाही, ड्रॉपडाउन लावलाय. दुसरी गंमत ऑडिट कोर्सची, पर्यावरणाचा एक विषय होता, पास व्हायला लागतं पण क्रेडिट शून्य, त्याची ओळ लिहायची पण क्रेडिट शून्यच ठेवायचे, मी उगाच २ टाकले होते आणि आकडा जुळेना.

सीजीपीए, म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या सेमची मिळून सरासरी, काढतानाही लोक तीच चूक करतात, सगळ्या सेमचे एसजीपीए मिळवून भागतात. माझे पहिल्या सेमचे क्रेडिट १८, एसजीपीए ७.५०, म्हणजे १३५ पॉइंट. दुसऱ्या सेमचे २२ क्रेडिट, १३८ पॉइंट, ६.२७. तिसऱ्याचे २० क्रेडिट, १३३. नुसती सरासरी काढली तर ६.८१ येते, पण खरं म्हणजे ४०६ भागिले ६०, ६.७७. फरक चार शतांशांचा, पण कटऑफच्या काठावर असलेल्या माणसाला चार शतांश किती असतात ते काठावर बसल्यावर कळतं. त्यामुळे एसजीपीएंची बेरीज करूच नका, कायम पॉइंटांची बेरीज आणि क्रेडिटांची बेरीज एवढेच दोन आकडे सांभाळा, बाकी सगळं त्यातून निघतं.

चौथ्या सेमला मायक्रोप्रोसेसर उडाला. ३ क्रेडिट, एफ. आमच्याकडे एफ चे पॉइंट शून्य, पण खाली भागायला क्रेडिट धरतातच, त्यामुळे २० क्रेडिटला १२२ पॉइंट, ६.१०. त्या वेळी दोन दिवस शीट उघडलीच नाही. हिवाळ्यात पाचव्या सेमच्या पेपरांबरोबर बॅकलॉगचा पेपर दिला, सुटला, सी ग्रेड. म्हणजे पाच पॉइंट गुणिले तीन, पंधरा पॉइंट परत आले. पाचवं सेम २१ क्रेडिट, १४८ पॉइंट, ७.०५, माझं तोपर्यंतचं दुसऱ्या नंबरचं सेम. शीटमध्ये खाली हिरव्या चौकटीत ६९१ भागिले १०१, ६.८४ आलं आणि मी कँटीनमध्ये जाऊन स्वतःच्या पैशाने मिसळ खाल्ली.

आठवड्याने ग्रेड कार्ड आलं. सीजीपीए ६.६९.

इकडे प्लेसमेंटच्या ग्रुपवर एका इंटर्नशिपचा मेसेज येऊन पडलेला, अट सीजीपीए ६.७५ आणि लाइव्ह बॅकलॉग नको, फॉर्म सोमवारी पाचपर्यंत. मी कार्ड बघितलं गुरुवारी. आधी वाटलं शीटमध्येच काहीतरी गडबड असणार, मागचा अनुभव होताच. सगळ्या ओळी कार्डांशी ताडून बघितल्या, एक एक बोट ठेवून. सगळं जुळत होतं. मग सुचलं की फरकच मोजून बघू. ६.८४ वजा ६.६९, ०.१५. गुणिले १०१ क्रेडिट, पंधरा आणि वर थोडंसं, ते थोडंसं राउंडिंगचं. पंधरा पॉइंट! तीन गुणिले पाच. मायक्रोप्रोसेसर. म्हणजे मला पास केलं होतं, पण टोटल मारताना तो विषय अजून एफच धरला होता.

शुक्रवारी सकाळी परीक्षा विभागाच्या खिडकीवर. तिथले काका तसे वाईट नाहीत, पण त्यांच्याकडे दिवसाला दोनशे पोरं "सर माझं चुकलंय" म्हणून येतात, त्यामुळे त्यांचं उत्तर ठरलेलं, "सिस्टीमला असंच दिसतंय." मी शीटची प्रिंट पुढे केली. त्यांनी बघितलीही नाही, "हे तुझ्या कॉम्प्युटरचं झालं." बरोबरच आहे म्हणा. मग मी त्यांच्याच ग्रेड कार्डाची झेरॉक्स काढली, मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने पाच ओळी लिहिल्या, पाच सेम, त्यांचे क्रेडिट, त्यांचे पॉइंट, खाली बेरीज, आणि शेजारी "फरक १५ = ३ × ५" असं लिहून त्याला गोल केला. बॅकलॉगच्या निकालाचं पान वर ठेवलं. काकांनी ड्रॉवरमधून त्यांचा तो मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर काढला, दोनदा टकटक केली, चष्मा वर सरकवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "थांब जरा."

आत जाऊन आले. मग अर्ज लिही, एचओडींची सही आण, दोन्ही कार्डांच्या झेरॉक्स जोड. एचओडी मीटिंगमध्ये, सही मिळाली चार वाजता. दुरुस्तीला विद्यापीठात पाठवावं लागणार होतं, ते सोमवारपर्यंत होणं शक्यच नव्हतं, पण शनिवारी विभागाने प्लेसमेंटच्या सरांच्या नावे एक पत्र दिलं की दुरुस्ती प्रक्रियेत आहे, आणि सरांनी ते धरून माझा फॉर्म घेतला. दुरुस्त कार्ड हातात पडायला पुढे पाच आठवडे लागले. आमच्या वर्गात आणखी चौघांचं तेच झालं होतं, त्यांचेही बॅकलॉग टोटलला लागलेच नव्हते. त्यातल्या एकाला तर मी सांगेपर्यंत पत्ताच नव्हता, तो म्हणे कार्डावर आलंय म्हणजे बरोबरच असणार.

आणि हो, ती इंटर्नशिप मला मिळाली नाही. ॲप्टिट्यूडलाच उडाले.

त्या फॉर्ममध्ये अजून एक घोळ होता, टक्के लिहायचे होते. ग्रुपवर तीन मतं. एक म्हणाला सरळ दहाने गुण, म्हणजे ६८.४. दुसरी म्हणाली साडेनऊने गुण, ६४.९८. हे साडेनऊ प्रकरण आलंय सीबीएसईच्या दहावीच्या जुन्या सीजीपीए पद्धतीतून, इंजिनिअरिंगशी त्याचा काही संबंध नाही, पण गुगलवर पहिलं तेच दिसतं म्हणून सगळे तेच मारतात. आमच्या ग्रेड कार्डाच्या मागे बारीक अक्षरात छापलंय की ०.७५ वजा करून दहाने गुणायचं. एआयसीटीईचाही (तंत्रशिक्षण परिषदेचा) तक्ता तसाच आहे, ६.२५ ला ५५ टक्के, ६.७५ ला ६०, ७.७५ ला ७०. म्हणजे माझे ६०.९. तिन्हींत सगळ्यात कमी, पण तेच लिहिलं, कारण पुढे कागद तपासताना कोणी विचारलं तर कार्डाची मागची बाजू दाखवता येते. तुमच्या विद्यापीठाचा फॉर्म्युला वेगळा असू शकतो, मुंबईचा वेगळा, पुण्याचा वेगळा, त्यामुळे आधी कार्ड उलटं करून बघा. कंपनीची ६.७५ ची अट म्हणजे तीच आपली जुनी साठ टक्क्यांची, हे मला तेव्हा कळलं.

आता शीटला एक नवीन चौकट जोडलीय, गुलाबी रंगाची, तिचं नाव "किती पाहिजेत". डिग्रीचे एकूण क्रेडिट १६०. डिस्टिंक्शनला ७.७५ लागतात, म्हणजे १२४० पॉइंट. पाचव्या सेमनंतर माझ्याकडे ६९१ होते आणि उरलेले क्रेडिट ५९, म्हणजे उरलेल्या प्रत्येक क्रेडिटला सरासरी ९.३१. नाद सोडला. हे आधी कळलं असतं तर दुसऱ्या सेमला ग्राफिक्स एवढं हलक्यात घेतलं नसतं, बावीस क्रेडिटचं सेम होतं ते. ७.२५ साठी गणित ७.९५ चं होतं, अवघड पण वेडेपणाचं नाही, ते धरलं. सहाव्या सेमला २० क्रेडिट, १६० पॉइंट, बरोबर ८.०० आले आणि सीजीपीए पहिल्या सेमनंतर पहिल्यांदाच परत सातच्या वर गेला, ७.०३. पप्पांनी फोनवर विचारलं, "जुळवलंस का?" म्हटलं, दोनदा.

एबीसी (ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी पण काढलाय, तो डिजिलॉकरवरून सगळ्यांना काढायलाच लावला, त्यात क्रेडिट जमा होतात असं आहे, पण मी माझी शीट काही बंद केलेली नाही. पीडीएफ सगळ्या एका फोल्डरमध्ये, नाव सेम-नंबर आणि तारीख, कारण पोर्टलवरून जुनं कार्ड कधी गायब होईल सांगता येत नाही.

सध्या सातवं सेम चालूये. गुलाबी चौकटीत आकडा आहे ७.९२, उरलेले क्रेडिट ३९. त्यातले नऊ एकट्या प्रोजेक्टचे, दोन सेम मिळून. तिथे ओ आला तर बाकीच्या तीस क्रेडिटला ७.३० पुरतात, हे मी तीन वेळा तपासलंय. गाईड सरांनी मात्र अजून टायटलच फायनल केलेलं नाहीये.