तुम्ही विचारलंत म्हणून: हायडेगर अजून का वाचता?

"तो नाझी होता ना, मग अजून का वाचता त्याला?" हे मला बरेच जण विचारतात. रास्तच आहे, माझाही राग गेलेला नाही.

जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरचं 'बीइंग अँड टाइम' हे पुस्तक आलं १९२७ मध्ये, आपले गुरू, तत्त्वज्ञ हुसर्ल यांना अर्पण केलेलं. पुढच्याच वर्षी हुसर्ल रिटायर झाले आणि जर्मनीतल्या फ्रायबर्ग युनिव्हर्सिटीतली त्यांची प्राध्यापकाची जागा यालाच मिळाली, त्यांचीच तशी इच्छा होती. हुसर्ल जन्माने ज्यू. १९३३ च्या एप्रिलमध्ये सरकारी हुकमाने त्यांना युनिव्हर्सिटीतून बाजूला केलं, त्याच महिन्यात हायडेगर तिथला रेक्टर (म्हणजे कुलगुरू) झाला आणि मे मध्ये नाझी पक्षात गेला. (लायब्ररीत त्यांना बंदी यानेच घातली असं सांगतात, ते खरं नाही. खरं आहे तेच पुरेसं आहे.) १९३८ मध्ये हुसर्ल गेले तेव्हा हा अंत्यसंस्काराला नव्हता, आणि १९४१ च्या आवृत्तीतून ती अर्पणपत्रिकाही गायब झाली, आतल्या तळटीपेत आभार तेवढे राहिले.

मग का वाचायचं? तर त्याच्या वर्गात कोण बसत होतं ते बघा ना. हाना आरेन्ट, हान्स योनास, कार्ल ल्योविथ, हर्बर्ट मार्क्युझ, सगळे पुढे नावाजलेले विचारवंत, सगळे ज्यू वंशाचे, सगळ्यांना जर्मनी सोडावी लागली, आणि पुढे आयुष्यभर यातला प्रत्येक जण या ना त्या प्रकारे त्याला उत्तर देत राहिला. हायडेगर म्हणतो, माणूस स्वतःला खरा कळतो तो स्वतःच्या मरणाला सामोरं जाताना. आरेन्ट मरणाऐवजी जन्म धरते, की प्रत्येक माणूस जन्मतो म्हणजे जगात काहीतरी नवं सुरू व्हायची शक्यता येते. देश, नागरिकत्व सगळं गमावलेल्या बाईने हे लिहिलंय, मला ते वाचताना दरवेळी भरून येतं. आणि लेव्हिनास, हाही तत्त्वज्ञ, ज्यू, तो लिथुआनियाचा, १९२८ मध्ये खास फ्रायबर्गला जाऊन हुसर्ल आणि हायडेगर दोघांचीही लेक्चर्स ऐकलेला. महायुद्धात हा जर्मनांच्या कैदेत आणि तिकडे आईवडील, भाऊ मारले गेले. तो म्हणतो, 'असणं म्हणजे काय' हा हायडेगरचा प्रश्न पहिला प्रश्नच नाही, समोरच्या माणसाचा चेहरा आधी येतो, त्याची जबाबदारी आधी येते. आता हे कुणाला उद्देशून चाललंय ते हायडेगर वाचल्याशिवाय कसं कळणार?

म्हणून कुणी सुरुवात कुठून करू विचारलं तर मी आरेन्टचं 'द ह्युमन कंडिशन' सांगते, हायडेगर नंतर.