आमची वाटचाल : डाव्या हाताचं कटिंग टेबल

अमळनेरला आमचं गोधड्यांचं वर्कशॉप आहे. प्रताप मिलमुळे या गावाला कापड नवं नाही, आणि गोधडी तर खान्देशात घरोघरी आहेच. जुनं लुगडं, पातळ, धोतर एकावर एक अंथरायचं आणि कडेकडेने धावदोरा घालत आत जायचं. माझ्या सासूबाई अशाच शिवायच्या. त्यांच्या गोधडीला माप नसायचं. हाताला येईल तो तुकडा लागायचा, आणि तेच तिचं देखणेपण होतं. आमची सुरुवात त्याच गोधड्यांनी झाली. आधी नात्यातल्या ऑर्डरी, मग पुण्या-मुंबईला गेलेल्या इथल्या लोकांच्या, मग बाळंतविड्यासाठी लहान गोधड्या. बँकेचं कर्ज, पायमशीन जाऊन मोटारीची मशीन येणं, पत्र्याची शेड हे सगळं कुठल्याही लहान धंद्यात होतं तसंच झालं. त्यावर फार लिहीत नाही. कटिंगवर मात्र सविस्तर लिहायचं आहे, कारण आमचं काम खरं बदललं ते तिथे.

चौकोन-त्रिकोणांच्या नक्षीला मागणी वाढली तशी कात्री अपुरी पडू लागली. कात्रीचं खालचं पातं कापड उचलतं, त्यामुळे चार थर एकत्र कापले तर खालचा थर वरच्यासारखा येत नाही. शिवल्यावर ४ इंचांचा दिसायला हवा असलेला चौकोन ४॥ इंचांचा कापावा लागतो, दोन्ही बाजूंना पाव पाव इंच शिलाईत जातो. आता प्रत्येक तुकडा अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग जरी मोठा झाला, तरी बारा तुकड्यांच्या ओळीत पाऊण इंच वाढतो. शेजारची ओळ बरोबर असेल तर दोन्ही ओळी जुळतच नाहीत. ताणून जुळवल्या की गोधडी मध्ये फुगते.

म्हणून रोटरी कटर आणला. जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये हे हत्यार बाजारात आणलं: मुठीला फिरतं गोल पातं. खाली कापायची मॅट, वर मापाची जाड पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी, आणि पट्टीच्या कडेने कटर अंगापासून पुढे ढकलायचा. पाती १८, २८, ४५ आणि ६० मिलिमीटरची मिळतात. आम्ही रोजच्या कामाला ४५ची वापरतो.

आमच्याकडे कटिंगची खरी नजर माझ्या धाकट्या जावेची, आणि ती डावखुरी. लहानपणी डाव्या हाताने ताट वाढलं म्हणून बोलणी खाल्लेली. साधी कात्री डाव्या हातात धरली की दाबाने पाती एकमेकांपासून सुटतात आणि कापायची रेघ पात्याआड जाते, तरी ती कात्रीशी जुळवून घेत आली होती. कटर आला तेव्हा तिला उजव्या हाताची सवय लावायची नाही, हे मी आधीच ठरवलं. हात तिचा आहे, टेबल आपलं आहे. टेबल बदलता येतं.

पहिलं काम पात्याचं. पातं मुठीच्या एका बाजूला बसवलेलं असतं, आणि ती बाजू पट्टीला टेकायला हवी. उजव्या हाताचा माणूस पट्टी डाव्या हाताने दाबतो आणि तिच्या उजव्या कडेने कापतो, म्हणून पातं मुठीच्या डावीकडे. डावखुऱ्याचं सगळं उलट: पट्टीवर उजवा हात, कापायची डावी कड, पातं मुठीच्या उजवीकडे. तसं नसेल तर पातं आणि पट्टी यांच्यामध्ये मूठ येते, पातं कडेपासून लांब पळतं, आणि ते जवळ आणायला मनगट तिरकं करावं लागतं. तिरकं पातं म्हणजे तिरका काप. सरळ मुठीच्या बहुतेक कटरांत नट खोलून पातं दुसऱ्या बाजूला बसवता येतं. वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने घालायचे, आणि नट इतकाच आवळायचा की पातं मोकळं फिरेल. काही कटरांची मूठच उजव्या हातासाठी घडवलेली असते. डावखुऱ्या माणसाने ते घेऊच नयेत.

मग कापडाची दिशा. डावखुऱ्याच्या टेबलावर कापडाचा ढीग डावीकडे, सरळ केलेली कड उजवीकडे. ट्यूबलाइटसुद्धा उजवीकडे सरकवली, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली कापावर पडते. मॅटवरचे आकडे डावीकडून सुरू होतात, त्यामुळे तिला दर वेळी उलटी वजाबाकी करावी लागायची. त्यावर आम्ही नियमच केला: मॅटवरच्या रेघा कोणीच बघायच्या नाहीत, माप फक्त पट्टीवरच्या रेघेने घ्यायचं. हा नियम तिच्यासाठी केला, पण उजव्या हाताच्या बायकांचंही काम त्याने सुधारलं. एकाच मापाने सगळे कापू लागले, आणि दोन टेबलांवरचे तुकडे एकमेकांवर ठेवले तर कड कडेला बसू लागली. त्या दिवशी सासूबाई ओळी जुळवायला बसल्या होत्या. अहिराणीत म्हणाल्या, “आते बठ्ठं सरळ उनं!” म्हणजे आता सगळं सरळ आलं.

पहिल्या कापाला आम्ही घाई करू देत नाही. पेरणीत पहिलं तास वाकडं गेलं की पुढची सगळी त्याच्यामागे जातात, तसंच हे. कापड धुऊन, इस्त्री करून दुमडायचं, पट्टीची आडवी रेघ दुमडीवर बसवायची आणि मगच कड सरळ करायची. दुमड जरा तिरकी असेल तर कापलेली कापडाची पट्टी उलगडल्यावर मधोमध कोपरासारखी वाकते. कापडाच्या तीन-चार पट्ट्या कापल्या की पुन्हा तपासायचं. ॲक्रिलिकची पट्टी घसरू नये म्हणून तिच्याखाली सँडपेपरचे छोटे तुकडे चिकटवले आहेत, आणि दाबणाऱ्या हाताची करंगळी पट्टीबाहेर, मॅटवर टेकवलेली असते. काप पुढे गेला की आधी थांबायचं, मग हात पुढे सरकवायचा.

पात्याला खोच पडली की तेही कापडच सांगतं. ४५चं पातं एका फेऱ्यात सुमारे १४ सेंटिमीटर जातं, म्हणून दर १४ सेंटिमीटरवर एक धागा न कापलेला राहिला तर जोर वाढवून उपयोग नाही, पातं बदलायचं. जोर वाढवला की पट्टी हलते आणि बोट जातं. पातं उघडं ठेवून टेबलावरून उठायचं नाही, याबाबत मी कोणाचंही ऐकत नाही.

आपल्याकडचा उन्हाळा मॅटला सोसत नाही. पत्र्याखाली भिंतीला टेकवून ठेवली तर ती वाकते, आणि वाकलेल्या मॅटवर पट्टी डुगडुगते. म्हणून मे महिन्यात कटिंग सकाळीच, आणि मॅट कायम टेबलावर सपाट. वीज गेली तरी कटिंग अडत नाही, हा कटरचा मोठाच आधार आहे. इस्त्री केलेलं कापड तयार असलं की वीज येईपर्यंत पुढच्या गोधडीचे चौकोन कापून होतात.

आता दोन टेबलं कायमची मांडलेली आहेत, एक उजव्या आणि एक डाव्या हाताचं. गावातल्या दोन डावखुऱ्या मुली जावेच्या हाताखाली शिकताहेत. अजून कोणाला शिकायचं असेल तर संध्याकाळी टेबल रिकामं असतं. येताना स्वतःचा कटर आणा. पातं डाव्या हातासाठी कसं फिरवायचं ते आधी दाखवू, कापड नंतर घेऊ.