सीव्हीआयचं खरं काम सिंक सुरू करण्याआधीचं

एसएपीच्या ईसीसी या जुन्या व्यवसाय-प्रणालीवरून एस/४ हाना या नव्या प्रणालीवर जायचं ठरलं की कस्टमर आणि व्हेंडर मास्टरचा, म्हणजे ग्राहक आणि पुरवठादारांच्या मूळ नोंदींचा विषय लवकरच निघतो. ईसीसीत कस्टमर एक्सडी०१ या ट्रान्झॅक्शन कोडमधून आणि व्हेंडर एक्सके०१ मधून बनायचा. एस/४ मध्ये यांपैकी कुठलाही कोड टाकला तरी बिझनेस पार्टनरचा, म्हणजे बीपीचा पडदा उघडतो. त्यामुळे जुनी टेबलं संपली असा अनेकांचा समज होतो. ती संपलेली नाहीत. कस्टमरचं केएनए१ आणि व्हेंडरचं एलएफए१ जागेवरच आहेत, आणि विक्री व खरेदीचे व्यवहार आजही कस्टमर नंबर आणि व्हेंडर नंबरवरच चालतात. बीपीची नोंद बीयूटी००० या टेबलात असते. दोन्ही बाजू बांधून ठेवायचं, म्हणजे त्या सिंक करायचं काम सीव्हीआय (कस्टमर-व्हेंडर इंटिग्रेशन) करतं, आणि ही गाठ सीव्हीआय कस्ट लिंक व सीव्हीआय व्हेंड लिंक या दोन छोट्या टेबलांत असते: एका रकान्यात पार्टनरचा जीयूआयडी (सिस्टिमने दिलेली एकमेव ओळखखूण), दुसऱ्यात कस्टमर किंवा व्हेंडर नंबर. ही एक ओळ नसेल, तर कस्टमर आणि बीपी दोन्ही असूनही सिस्टिमच्या लेखी त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

सर्वांत जास्त वेळ नंबरांवर द्यावा. ईसीसीत कस्टमर १००००० ते १९९९९९ आणि व्हेंडरही त्याच रेंजमध्ये असला तरी कुणाचं काही अडत नसे, कारण टेबलं वेगळी. बीपीत मात्र एक नंबर एकदाच वापरता येतो. म्हणून दोन्हीकडच्या रेंज आधी एकमेकांवर ताडून पाहायच्या. जिथे त्या एकमेकींत शिरतात, तिथे एका बाजूला बीपी नंबर वेगळा घ्यावाच लागतो. कस्टमर किंवा व्हेंडरचा मूळ नंबर त्याने बदलत नाही, हे वापरणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावं, नाहीतर पहिल्या आठवड्यात सगळे फोन यावरूनच येतात. ज्या बाजूचा नंबर बाहेरच्या कागदपत्रांवर जास्त छापला जातो, तिला तोच बीपी नंबर द्यावा, असं आमचं मत आहे.

रूपांतरणाच्या वेळी डेटा कस्टमरकडून बीपीकडे जातो. नंबर तोच ठेवायचा असेल तर बीपीची रेंज एक्स्टर्नल (नंबर बाहेरून दिला जाणारी) ठेवून अकाउंट ग्रुप, म्हणजे कस्टमरचे गट, आणि बीपी ग्रुपिंग, म्हणजे बीपीचे गट, यांच्या मॅपिंगमध्ये ‘समान नंबर’ची खूण करायची. एकही अकाउंट ग्रुप मॅपिंगमधून सुटला, तर त्या ग्रुपमधला एकही कस्टमर पुढे जात नाही.

दुसरी मेहनत डेटा साफ करण्याची. ईसीसीतल्या नोंदी वर्षानुवर्षं साचलेल्या असतात आणि मधल्या काळात तपासणीचे नियम बदललेले असतात. जुनी नोंद तशीच पडून राहिली तर कुणी हरकत घेत नाही, पण सिंक तिला नव्याने सेव्ह करतं आणि आजचे सगळे नियम तिला लागतात. उदाहरणार्थ, पुण्याच्या पत्त्यात पिनकोड ‘४११ ०३०’ असा मध्ये जागा सोडून लिहिलेला आहे आणि देशाच्या सेटिंगमध्ये सहा आकडे, मध्ये जागा नको, असा नियम आहे. नोंद तिथेच अडकते. बँकेचा तपशील, ईमेल, टॅक्स नंबर यांचंही तसंच. संपर्क व्यक्तींकडे तर फार दुर्लक्ष होतं. केएनव्हीके या संपर्क व्यक्तींच्या टेबलामधल्या प्रत्येक व्यक्तीचाही स्वतंत्र बीपी बनतो, आणि आडनावाचा रकाना रिकामा असेल तर त्या एका व्यक्तीपायी अख्खा कस्टमर थांबू शकतो. बीपीकडे एखादा रकाना सक्तीचा आणि कस्टमरकडे ऐच्छिक असला तरी हेच घडतं. म्हणून दोन्हीकडची फील्ड सेटिंग्ज शेजारी ठेवून तपासावीत.

भारतातल्या कंपन्यांनी जीएसटीकडे वेगळं लक्ष द्यावं. जीएसटीआयएन १५ अक्षरांचा: पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. एकाच फर्मचा महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो आणि गोव्यातला ३० ने, पॅन मात्र एकच. बीपीत हा नंबर आयएन३ या प्रकारात जातो आणि एका बीपीवर एका प्रकारचा एकच नंबर राहतो. त्यामुळे पॅन जुळतो म्हणून डुप्लिकेट समजून दोन नोंदी एकत्र करणं हा घातक उद्योग आहे. एका राज्याचा नंबर हरवतो आणि चुकीच्या नंबरावर बिलं निघू लागतात. डुप्लिकेट शोधायचे तर पूर्ण जीएसटीआयएन जुळवावा.

प्रत्यक्ष सिंक एमडीएस लोड कॉकपिट या एसएपीच्या पडद्यावरून चालवतात. आधी एकच छोटा अकाउंट ग्रुप घ्यावा. चुका पोस्ट-प्रोसेसिंगमध्ये (पीपीओ), म्हणजे नंतर दुरुस्त करायच्या यादीत जमा होतात आणि एमडीएस पीपीओ२ या पडद्यावर दिसतात, पण त्यासाठी पीपीओ आधी चालू केलेलं हवं. चुका एकेक करून सोडवत बसू नये. मेसेज नंबरप्रमाणे गट पाडावेत, मूळ कारण दुरुस्त करावं आणि तो गट पुन्हा चालवावा. पहिल्या लोडनंतर ईसीसीत रोज नवे कस्टमर बनतच असतात, म्हणून कस्टमरकडून बीपीकडची दिशा कटओव्हरपर्यंत, म्हणजे प्रत्यक्ष एस/४ वर जाईपर्यंत चालूच ठेवावी.

स्वतः लिहिलेले झेड प्रोग्रॅम हाही मोठा धोका. केएनए१ वर थेट अपडेट मारणारा प्रोग्रॅम सिंकला पत्ताच लागू देत नाही. एक्सडी०१ वर रेकॉर्ड केलेले बॅच इनपुटही (पडदा आपोआप भरणाऱ्या नोंदी) एस/४ मध्ये कामाचे नाहीत. त्यांच्या जागी सीएल एमडी बीपी मेंटेन हा क्लास वापरावा. तो स्वतः कमिट करत नाही, म्हणजे बदल डेटाबेसमध्ये पक्का करत नाही, आणि चुका परतीच्या मेसेजमध्ये देतो. ते मेसेज न वाचता कमिट करणारा कोड हमखास सापडतो.

कटओव्हरनंतर दिशा उलटते: नोंद आता बीपीत बनते आणि तिथून कस्टमरकडे जाते. म्हणून बीपीची रेंज इंटर्नल (सिस्टिम स्वतः नंबर देते अशी) आणि कस्टमरची एक्स्टर्नल करायची. इथे बीपी रेंजचा चालू नंबर पुढे सरकवायला विसरू नये. शेवटचा कस्टमर १०४५८२ असेल तर चालू नंबर निदान तेवढा हवा, नाहीतर पहिलाच नवा बीपी आधीच वापरलेला नंबर मागतो. मग केएनए१ आणि लिंक टेबल जोडून पाहावं. ज्या कस्टमरसमोर जीयूआयडी नाही, ते व्यवहार सुरू होण्याआधी निस्तरायचे.